जांबाश कोणाला, कान कोणाला: किर्गिझ घरातला अन्नाचा वाटा

शिकारी डोंगर उतरून परत येतोय. खोगिरामागे मारलेला रानबोकड बांधलेला आहे. वाटेत एक माणूस भेटतो, ओळखीचा असेल किंवा नसेल, आणि एवढंच म्हणतो: "शिराल्गा." झालं. शिकाऱ्याने घोडा थांबवायचा आणि शिकारीतला वाटा त्याला काढून द्यायचा. किर्गिझ लोकांची ही जुनी रीत आहे. मागणाऱ्याला त्यात कमीपणा नाही, आणि देणाऱ्याने उपकाराचा आव आणायचा नाही. डोंगरातली जनावरं कायबेरेन नावाच्या रक्षणकर्त्याची, अशी जुनी श्रद्धा. त्याच्या कळपातलं एक मिळालं, तर ते एकट्याने कसं खायचं?

किर्गिझ पाहुणचाराबद्दल लिहिणारे बहुतेक जण 'लोक फार प्रेमळ आहेत' एवढं सांगून थांबतात. ते खरंच आहे, पण त्यातून समजत काहीच नाही. प्रेमळ माणसं कुठे नसतात? किर्गिझ घरात त्या प्रेमाला पक्के नियम आहेत. कोणी कुठे बसायचं, चहा किती ओतायचा, मेंढीचं कोणतं हाड कोणाच्या पुढ्यात जायचं, उरलेलं कोणाच्या घरी पोचायचं, सगळं ठरलेलं. हे नियम कुठून आले ते कळलं की पाहुणचारामागचं शहाणपण दिसतं. मला ते त्या आपुलकीइतकंच मोठं वाटतं.

मेंढी कुठे साठवायची?

किर्गिझस्तान हा मध्य आशियातला देश महाराष्ट्राच्या साधारण दोन-तृतीयांश आकाराचा, सुमारे 2 लाख चौरस किलोमीटर. लोकसंख्या मात्र 70 लाखांच्या आसपास. जवळजवळ सगळा देश तियान शान आणि पामीर-अलाय पर्वतरांगांत आहे. इथले लोक शतकानुशतकं मेंढ्या, घोडे, गुरं आणि याक पाळत आले. हिवाळ्यात खालच्या दऱ्यांत राहायचं आणि उन्हाळ्यात कळप घेऊन उंचावरच्या कुरणांवर जायचं. या कुरणांना 'जायलो' म्हणतात. सोंग-कोल सरोवराभोवतीची जायलो 3,000 मीटरहून उंच आहे. 1920 आणि 1930 च्या दशकांत सोव्हिएत सत्तेने या भटक्या पशुपालकांना सक्तीने गावांत वसवलं. तरी आजही असंख्य कुटुंबं उन्हाळ्यात जायलोवर जातात.

आता जायलोवरच्या एका कुटुंबाची अडचण बघा. मेंढी कापली की 20 किलोच्या आसपास मांस निघतं. उन्हाळ्याचे दिवस, घरात पाच-सहा माणसं, फ्रीज नाही. एवढं मांस संपायच्या आत खराब होणार. मग शेजारच्या तंबूंत वाटे पाठवायचे आणि वाटसरूला आत बोलवायचं. आठवड्याने शेजारी मेंढी कापेल तेव्हा त्याच्याकडून वाटा येईल. म्हणजे तुमचं जास्तीचं मांस शेजाऱ्याच्या पोटात आणि त्याच्या आठवणीत साठवलं जातं. डोंगरात दुसरं कोठार नव्हतं.

वाटसरूचंही तसंच. उंच घाटांत रात्र उघड्यावर काढणं म्हणजे जिवाशी खेळ. आज तो तुमच्या दारात आहे, उद्या बर्फात अडकलेले तुम्ही कोणाच्या तरी दारात असाल. म्हणून न बोलावता आलेल्या अनोळखी माणसाला 'कुदायी कोनोक', देवाने धाडलेला पाहुणा, म्हणतात. त्याला आधी खाऊ घालायचं, कामाचं मग विचारायचं. पाहुण्याबरोबर घरात 'कुत' येतं, म्हणजे बरकत येते, अशी म्हणच आहे. ही म्हण ज्यांनी घडवली त्यांना पाहुण्याला परत पाठवण्याचा अर्थ नेमका माहीत होता.

दारापासून तोरपर्यंत

किर्गिझांचा नमद्याचा गोल तंबू म्हणजे 'बोझ-उय'. त्याच्या माथ्यावरचं लाकडी कडं, तुंदुक, 1992 पासून देशाच्या झेंड्यावर आहे. आत शिरलात की उजवीकडे बायकांची बाजू. स्वयंपाकाची भांडी, दूध, पीठ तिथे. डावीकडे पुरुषांची बाजू, तिथे खोगीर, लगाम, शिकारीचं सामान. दाराच्या बरोबर समोर, रचलेल्या रजयांपुढे, मानाची जागा असते: 'तोर'. सर्वांत वडील माणूस किंवा मुख्य पाहुणा तिथे बसतो, आणि दाराकडे यावं तसतशी वयं उतरत जातात. दाराजवळ, चहाच्या समोवारपाशी, घरची सून. तिला 'केलिन' म्हणतात. आज बहुतेक लोक पक्क्या घरांत आणि फ्लॅटमध्ये राहतात, पण टेबल-खुर्च्या मांडलेल्या खोलीतही तोर कुठे आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं.

इथे वय विचारणं उद्धटपणाचं मानत नाहीत. नीट बसवायचं तर विचारावंच लागतं. मग थोडी ओढाताण ठरलेली: तुम्ही वर बसा, नाही तुम्ही बसा. पाहुण्याने एक-दोनदा नको म्हणावं आणि मग मान ठेवून बसावं.

बसल्यावर घरातला मुलगा तांब्यासारखं नळीचं भांडं आणि परात घेऊन येतो आणि एकेकाच्या हातावर पाणी घालतो. हात झटकायचे नाहीत, टॉवेलला पुसायचे. मधोमध कापड अंथरलेलं असतं, त्याला 'दास्तोरकोन' म्हणतात. त्यावर पाय द्यायचा नाही, ओलांडायचं नाही, त्याच्याकडे पाय पसरायचे नाहीत. त्यावर आधी येते भाकरी, म्हणजे तंदूरमध्ये भाजलेला गोल नान. शेजारी 'बोर्सोक', तळलेल्या पिठाचे छोटे फुगीर तुकडे, कापडभर पसरलेले. मग लोणी, साय, जॅम, सुकामेवा, मिठाई. कापडाचा कोपरा रिकामा दिसता कामा नये.

नान हाताने तोडायचा, सुरीने कापायचा नाही. तोडलेले तुकडे सगळ्यांपुढे ठेवायचे, पालथा ठेवायचा नाही, जमिनीवर पडलेला तुकडा तुडवायचा नाही. आणि सर्वांत महत्त्वाचं: दारात आलेल्या माणसाने निदान नानचा तुकडा तोंडात घातल्याशिवाय जायचं नाही. शेजारीण निरोप सांगायला उंबऱ्यापर्यंत आली असली, तिची गाडी चुकत असली, तरी घरची बाई नान पुढे करणार आणि ती चिमूटभर तोडून खाणार. दहा सेकंदांचं काम, पण ते टाळलं तर लागतं. 2016 साली पातळ भाकरी करण्याच्या आणि वाटून खाण्याच्या परंपरेला युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत जागा मिळाली. अझरबैजान, इराण, कझाकस्तान, किर्गिझस्तान आणि तुर्कस्तान या पाच देशांची ती एकत्र नोंद आहे. तिच्यात करण्याइतकंच वाटून खाण्यालाही महत्त्व दिलंय, हे मला फार योग्य वाटतं.

चहाचंही एक गणित आहे. केलिन लहान वाडग्यात अर्धाच चहा ओतते. नवख्याला वाटतं हात आखडता आहे. खरं उलट आहे. थोडा ओतला की गरम राहतो, लवकर संपतो, वाडगा पुन्हा तिच्याकडे येतो आणि ती पुन्हा भरते. पाहुणा जितक्या वेळा वाडगा पुढे करेल तितका तिचा मान. काठोकाठ भरून दिला तर समजावं की उठायची वेळ झाली.

हाडांची नावं, माणसांची नावं

मुख्य पाहुण्यासाठी मेंढी कापायची असेल तर ती आधी त्याच्यासमोर आणतात. तो हात पुढे करून आशीर्वाद देतो, त्याला 'बाता' म्हणतात. मग कापणी. याचा व्यवहारी अर्थही आहे: पाहुण्याला कळतं की आता रात्र इथेच, तासाभरात निघता येणार नाही.

मांस मोठ्या कढईत, 'काझान'मध्ये, फक्त मीठ घालून तासन् तास उकळतात. पुढचा भाग मला संपूर्ण किर्गिझ संस्कृतीतला सर्वांत विलक्षण वाटतो. हाडासकट मांसाच्या प्रत्येक तुकड्याला नाव आहे आणि दर्जा आहे. अशा एका वाट्याला 'उस्तुकान' म्हणतात. मेंढीच्या पायांची, खांद्यांची आणि कमरेची मुख्य हाडं धरून 12 तुकडे मोजतात: दोन जांबाश, दोन काश्का जिलिक, दोन जोतो जिलिक (नडगी), दोन दाली (खांद्याचं पातं), आणि पुढच्या पायांची दोन-दोन. जांबाश म्हणजे कमरेचं हाड. ते सर्वांत वडील पुरुषांना जातं. मांडीचं काश्का जिलिक त्यांच्या खालोखाल. शेपटीकडचा चरबीचा भाग, 'उचा', वडीलधाऱ्या स्त्रीला. खांद्याचं पातं, बरगड्या, मणके वयाने आणि नात्याने खाली उतरत जातात.

मुंडकं हा वेगळाच मान. ते भाजून, खरवडून, शिजवून अखंड पाहुण्यापुढे ठेवतात. त्याने ते एकट्याने खायचं नसतं. थोडं स्वतः घ्यायचं आणि बाकीचं वाटायचं. कान कापून मुलांना, म्हणजे ती मोठ्यांचं ऐकतील. डोळा जवळच्या माणसाला. ज्याला सर्वाधिक मान दिला, त्याच्याच हातात लगेच वाटपाचं काम दिलं जातं. मान मिळाला की वाटावं लागतं, हे शिकवायला आणखी कोणती पद्धत असेल?

कोणता उस्तुकान कोणाला, याबाबत नारिनची रीत आणि तालासची रीत अगदी तंतोतंत जुळत नाही. इसिक-कोलकडचे लोक वेगळं सांगतात, दक्षिणेत आणखी वेगळं. म्हणून मोठ्या पंगतीत वाटपाचं काम जाणत्या माणसाकडे असतं. तो आधी आतल्या खोलीत चौकशी करतो: कोण कोण बसलंय, कोणाचं वय काय, व्याही कोण, जावई कोण. मग तबकं लावतो. चूक झाली तर माणसं रुसतात. बाहेरच्याला हे हाडावरून भांडण वाटेल, पण ज्या समाजात कार्यालयं नव्हती, दफ्तरं नव्हती, तिथे नात्यांची आणि वयांची नोंद याच तबकांवर होत होती. प्रत्येक पंगतीला सगळ्यांसमोर जाहीर व्हायचं की हा आता वडीलधाऱ्यांत गणला जातो, ही आता या घरची आहे.

लग्न ठरताना 'कुयरुक-बोर' खातात: मेंढीच्या शेपटीची चरबी आणि कलेजी, बारीक कापून, दोन्हीकडच्या लोकांनी एका ताटातून. ते खाल्लं की सोयरीक पक्की. त्यानंतर मागे फिरणं म्हणजे मोठी नाचक्की.

उस्तुकान झाल्यावर येतं 'बेशबार्माक': बारीक कापलेलं मांस, घरी लाटून कापलेल्या शेवया, कांदा आणि रस्सा. मांस बारीक चिरायचं काम तरुण पुरुषांचं. उत्तरेत ते जितकं बारीक तितकं चांगलं मानतात. पूर्वी सगळे हातानेच खायचे, आता चमचेही असतात. दक्षिणेत, ओश आणि जलाल-अबादकडे, पंगतीत उझगेनच्या लालसर तांदळाचा पुलाव असतो, तोही एका मोठ्या ताटातून दोघा-तिघांनी मिळून खायचा.

आणि मग प्लास्टिकच्या पिशव्या येतात! हो, खरोखर. प्रत्येक पाहुण्याला एक पिशवी मिळते. आपला उस्तुकान, बोर्सोक, थोडी मिठाई त्यात भरून घरी न्यायची. पंगतीतून घरी नेलेल्या या खाण्याला 'केशिक' म्हणतात. वडीलधाऱ्या माणसाच्या ताटातलं उरलेलंही केशिकच, आणि ते मुलांनी खावं म्हणजे त्यांना तसंच दीर्घायुष्य लाभावं अशी इच्छा. आजोबा लग्नाला गेले की नातवंडं त्यांच्यापेक्षा त्या पिशवीची जास्त वाट बघतात. जे पंगतीला आले नाहीत त्यांच्यापर्यंत वाटा पोचवायची ही सोय आहे, आणि पिशवी प्लास्टिकची झाली म्हणून तिचा अर्थ बदललेला नाही.

शेवटी बाता. सर्वांत वडील माणूस दोन्ही हात ओंजळीसारखे धरतो, घराला, मुलांना, जनावरांना आशीर्वाद देतो, "ओमीन" म्हणतो आणि सगळे तळवे चेहऱ्यावरून फिरवतात. यानंतर खायचं नाही. कितीही छान दिसलं तरी नाही.

पाळी, भिशी आणि वही

वाटून खाण्याची ही व्यवस्था एका रात्रीच्या पाहुणचारापुरती नाही. वर्षभर ती फिरत असते. हिवाळ्याच्या तोंडाला प्रत्येक घर 'सोगुम' करतं, घोडा किंवा गाय कापून हिवाळ्याची बेगमी. ताजं मांस शिजलं की नातेवाईक आणि शेजाऱ्यांना बोलावणं जातं. नवं कुटुंब वस्तीला आलं की आधीचे शेजारी त्यांना जेवायला घालतात, त्याला 'ओरुलुक' म्हणतात. सामान लागेपर्यंत त्यांची चूल पेटणार नाही हे उघड आहे. वसंतात घोडीच्या दुधाचं पहिलं 'किमिझ' आंबलं की तेही आधी इतरांना चाखवायचं. 21 मार्चला नोरुझच्या सणासाठी मोड आलेल्या गव्हाचं 'सुमोलोक' रात्रभर ढवळतात. करपू नये म्हणून तळाशी स्वच्छ दगड टाकलेले असतात. शेजारीपाजारी पाळीपाळीने कलथा धरतात आणि सकाळी घरोघरी वाटप होतं.

हिवाळ्यात समवयस्कांची 'शेरिने' चालते. दहा-बारा मित्र ठरवतात: आज माझ्याकडे मेंढी, पुढच्या वेळी तुझ्याकडे. आपल्याकडच्या भिशीसारखंच, फक्त पैशांऐवजी मेंढी. शहरांत आता पैशांचीही भिशी चालते. मैत्रिणी महिन्यातून एकदा कॅफेत जमतात, जेवतात आणि जमलेली रक्कम पाळीने एकीला मिळते.

मेलेल्यांनाही वाटा आहे. गुरुवारी-शुक्रवारी, किंवा वाईट स्वप्न पडलं तर, तेलात 'जेती तोकोच', सात भाकऱ्या, तळतात. तापलेल्या तेलाचा वास पूर्वजांपर्यंत पोचतो अशी श्रद्धा. कुराणातल्या ओळी म्हणून त्या भाकऱ्या शेजाऱ्यांत वाटतात. वास पूर्वजांचा, भाकरी जिवंतांची.

कोणी वारलं की बाहेरगावचे लोक शेकड्यांनी येतात. त्या घरी एवढ्यांना झोपवणं आणि जेवू घालणं शक्य नसतं, म्हणून शेजारी पाहुणे आपापल्या घरी वाटून घेतात. वर्षाने 'आश' हे मोठं श्राद्धभोजन. किर्गिझांच्या 'मानस' महाकाव्यातला एक अतिशय प्रसिद्ध भाग अशाच एका भोजनाचा आहे, कोकोतोय खानाच्या आशचा. तो कझाक अभ्यासक चोकान वालिखानोव्हने 1856 साली लिहून घेतला. त्यात भोजनाला दूरदूरच्या टोळ्यांना आमंत्रणं जातात, शर्यती होतात, कुस्त्या होतात, आणि मानापमानावरून वैरंही पेटतात. त्या काळीही लोकांना माहीत होतं की एवढी मोठी पंगत जोडते तशी तोडूही शकते.

एवढा खर्च एक घर कसा उचलणार? त्यासाठी 'कोशुमचा' आहे. लग्न, बारसं, मृत्यू, प्रत्येक प्रसंगी नातेवाईक पैसे किंवा जनावर आणतात. घरची माणसं वहीत लिहून ठेवतात: अमक्याने एवढे. त्याच्या घरी कार्य निघालं की तेवढं, शक्यतो थोडं जास्त, परत करायचं.

आणि इथेच आजचा वाद आहे. कोशुमचाची रक्कम वाढत गेली, लग्नाच्या हॉलमध्ये घोड्याचं मांस आलंच पाहिजे असं झालं, आणि मर्यादित पगारावर जगणारी कुटुंबं कर्ज काढून पंगती घालू लागली. रशियात मजुरीला गेलेल्या मुलांनी पाठवलेले पैसेही त्यात जातात. अंत्यविधीला मोठं जनावर कापू नका, असं मुस्लिम धर्मगुरू पुन्हा पुन्हा सांगतात. संसदेतही यावर बोललं गेलंय. तरी घरातलं वडील माणूस गेलं आणि दारात तीनशे लोक आले, तर चहा-नानवर भागवायची हिंमत फार थोड्यांची होते. माझ्या मते दोष वाटण्याच्या रीतीत नाही. मांस खराब व्हायच्या आत वाटणं ही काटकसर होती. हॉल भाड्याने घेऊन, कर्ज काढून, जे घरात नाही ते वाटणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि तिच्यात गरीबच जास्त भरडला जातो.

बोलावणं आलं तर

किर्गिझस्तानात वैद्यकीय शिक्षणासाठी हजारो भारतीय विद्यार्थी आहेत. बिश्केक आणि ओशमध्ये मराठी मुलं-मुलीही आहेत. वर्गमित्राच्या गावाला जायचं बोलावणं येतं, आणि शाकाहारी असाल तर पोटात गोळा येतो. घाबरू नका, पण आधी सांगा. आयत्या वेळी तबक समोर आल्यावर नाही म्हणणं यजमानाला फार लागतं, कारण तोवर त्या तबकात तुमचा दर्जा ठरवून हाड ठेवलेलं असतं. तरी आलंच, तर उजव्या हाताने घ्या, आभार माना आणि शेजारी बसलेल्या मुलाला किंवा आजींना द्या. मिळालेल्या वाट्यातलं दुसऱ्याला देणं हे रीतीत बसतं. नाकारणं बसत नाही.

नान, साय, जॅम, चहा, सुकामेवा यांवर निवांत जेवण होतं. बोर्सोक मात्र कशात तळलेत ते विचारा, कधीकधी चरबी वापरतात. रिकाम्या हाताने जाऊ नका. मिठाई किंवा मुलांसाठी खाऊ पुरे. मोठ्या समारंभात प्रत्येकाला उठून दोन शब्द बोलावे लागतात, तेव्हा घराला आणि मुलांना शुभेच्छा द्या. भाषा तोडकीमोडकी असली तरी चालते. निघताना पिशवी पुढे आली की घ्या. ती तुमच्या एकट्याची नाही, हॉस्टेलवरच्या खोलीतल्या बाकीच्यांचाही त्यात वाटा आहे.